शर्यतीची कढई

कढई बरोबर न्यायची नाही, असं दाउलेतनं आईला तीनदा सांगितलं होतं. ट्रकमध्ये जागा नाही, सीमेवर सामान तपासून घेतात, आणि पलीकडच्या देशात घरोघरी गॅस आहे. कानिपानं तिन्ही वेळा मान हलवली. निघायच्या सकाळी मात्र तिनं शिवणयंत्र खाली उतरवायला लावलं आणि त्या जागी कढई चढवली.

"यंत्र बाजारात मिळतं," ती म्हणाली. "हिच्या बुडाची काजळी कुठल्या बाजारात मिळते ते सांग. मी तिथून घेईन."

बिडाची कढई होती, दोन कानांची, अख्खी मेंढी मावेल एवढ्या पोटाची. कानिपाच्या सासूच्या सासूनं ती उंटावर बांधून मंगोलियाच्या डोंगरात नेली होती. आता ती परत कझाकांच्या मुलखात आली होती आणि इर्तिश नदीकाठच्या एका गावात, अंगणातल्या स्वयंपाकखोलीत, विटांच्या चुलीवर बसली होती. गाव असं सपाट की नजर टाकावी तर ती कशालाच अडत नव्हती. कानिपाला ते आवडलं नव्हतं. तिकडे सगळा जन्म त्यांना लोक कझाक म्हणून ओळखत, आणि इथे आल्या आल्या ते गावाला मंगोल झाले, हेही आवडलं नव्हतं. इथलं मांससुद्धा तिच्या मनाला येत नव्हतं. डोंगरावर जी मेंढी अर्धा दिवस चुलीवर अडून बसायची, ती इथे तास-दीड तासात हाड सोडून द्यायची.

"इथल्या मेंढ्या इथल्या माणसांसारख्याच," ती कुंपणापलीकडच्या रिमाला तोंडावर म्हणाली. "जरा ऊब लागली की मऊ."

रिमा शाळेतून निवृत्त झालेली बाई, नवरा गेलेला, पोरं शहरात. तिला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी ती काळ्या मनुकांच्या मुरंब्याची बरणी घेऊन आली. त्या दिवसापासून कानिपा तिला सहन करू लागली.

इथे येताना सून तोलगानायला सहावा महिना होता. हे तिसरं. पहिलं सहाव्या महिन्यात गेलं होतं, दुसरं आठव्यात, आणि दोन्ही वेळा कानिपानंच ते कापडात गुंडाळून दाउलेतच्या हातात दिलं होतं. तोलगानाय बोलायची कमी. रात्री झोपेत मात्र तिचा हात पोटावर पहारा करत असायचा. हे मूल जगलं नाही तर ही पोरगीही उरणार नाही, हे कानिपाला कुणी सांगायची गरज नव्हती.

दवाखान्यात नाव घालायला सरकारी बारा आकड्यांचा नंबर लागत होता. नंबराला पत्ता लागत होता, पत्त्याला घरमालकाची सही, आणि घरमालक शहरात. तीन आठवडे असेच गेले. शेवटी कानिपा स्वतः गेली आणि खिडकीसमोर स्टूल ओढून बसली.

"नंबर पोटातल्याला द्यायचाय की आईला?"

"आईला, आपा," खिडकीतली पोरगी म्हणाली. गावात, दवाखान्यात, घरात, सगळे तिला आपाच म्हणत.

"आई ही उभी आहे. चांगली पिंपाएवढी झालीय, दिसत नसेल तर चष्मा लाव. पोटातलं काही तुमच्या शिक्क्यासाठी थांबायचं नाही."

त्या आठवड्यात नंबर आला.

डॉक्टरीण रौशन पस्तिशी ओलांडलेली असेल. केस घट्ट मागे बांधलेले, नखं कापलेली. तिनं मंगोलियातले कागद बोट फिरवत पाहिले, अक्षर लागेना तेव्हा बाजूला ठेवले आणि तोलगानायला विचारून सगळं पहिल्यापासून लिहून काढलं. सोनोग्राफी केली. लोहाच्या गोळ्या दिल्या. डिसेंबरात पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी आली.

"बाळ आडवं आहे. दहा जानेवारीला भरती करून घेऊ. त्याआधी कळ आली तर लगेच फोन करायचा. घरात एक मिनिट थांबायचं नाही."

"नाळ मी कापणार," कानिपा म्हणाली. "बासष्ट पोरांची कापलीय. बासष्टच्या बासष्ट आज मिशा पिळतायत नाहीतर वेण्या घालतायत."

"इथे नाळ आम्ही कापतो, आपा."

"मग मी काय करू?"

"तुम्ही घरी थांबा. दुवा मागा. चहा प्या."

परतीच्या गाडीत कानिपा खिडकीबाहेर बघत बसली. तासाभरानं तोलगानायनं हळूच विचारलं, "आपा, रागावलात?"

"चहा प्या म्हणे! मी काय पाहुणी आहे?" मग थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, "तू कळा दे. मी कढई चढवीन. तिला कुणाचा शिक्का लागत नाही."

बाईला कळा सुरू झाल्या की घरातल्या बायकांनी चुलीवर कढई चढवायची, अशी त्यांच्यातली रीत. एकीकडे बाळंतीण, एकीकडे मांस, शर्यत लागते. वास पोटातल्या पोराला जातो आणि माझ्याआधी हे कोण येतंय म्हणून ते घाई करतं. पोरानं जिंकायचं असतं. म्हणून जून, चिवट मांस निवडायचं. पाणी एकदाच वाढवायचं. एकदा चढवलेली कढई उतरवायची नाही, जाळ कमी करायचा नाही. जो कढई उतरवील त्यानं पोरालाच वाटेत अडवलं.

बासष्ट वेळा पोरं जिंकली होती. तोलगानायची आधीची दोन कळा लागायच्या आधीच गेली होती, तेव्हा कढई चढलीच नव्हती. एकदा कढई जिंकली होती, पण ती वेळ कानिपा मोजत नसे. त्या वेळी लोकरीच्या नमद्यावर ती स्वतः पडली होती. सतरा वर्षांची. लांबून पाहुणे आले होते आणि त्यांच्यासमोर चिवट मांस कसं ठेवायचं म्हणून सासूनं कोवळं कोकरू चढवलं. पाहुण्यांनी बोटं चाटली. तंबूच्या दुसऱ्या बाजूला मुलगी आली ती मुकीच आली आणि तशीच मातीत गेली.

सासू त्यावर कधी बोलली नाही. कानिपाही नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या. त्यांच्यात सुना सासूचं नाव घेत नाहीत. ते सगळ्याच पाळतात, मान म्हणून. कानिपानं ते दाराला कुलूप घालावं तसं पाळलं. मरताना सासूनं दोन्ही हात तिच्याकडे पसरले होते, काहीतरी मागितल्यासारखे. कानिपानं त्या हातात पाण्याची वाटी दिली होती. मातीवर सगळ्यांनी म्हातारीचं नाव घेऊन दुवा मागितला तेव्हा हिनं नुसते ओठ हलवले.

कळा सहा जानेवारीलाच आल्या. सकाळची धार काढून झाली होती. बाहेर उणे तीस, आभाळ स्वच्छ, धुराचे खांब सरळ वर गेलेले. गाडी आली. दाउलेतनं बायकोला जवळजवळ उचलूनच आत ठेवलं.

"आपा, कढई..." तोलगानाय दारातून म्हणाली.

"जा तू. मी पेटवते."

कानिपानं अंगणातली स्वयंपाकखोली उघडली. रात्रभर तिथे जाळ नव्हता. बादलीतलं पाणी बुडापर्यंत गोठलेलं. असल्या थंडीत उघड्या हातानं लोखंड धरलं तर कातडी चिकटून येते. पण घाईत तिनं हातमोजे न घालताच कढईचा कान धरला, आणि तो कोमट लागला. कुणीतरी आत्ताच धरून सोडल्यासारखा.

खिडकीतून ऊन येत असेल, तिनं मनाशी म्हटलं. खिडकी उत्तरेला होती.

कोळसा पेटवला. सात वर्षांच्या मेंढीच्या नळ्या आणि छाती टाकली. सबंध गावात याहून चिवट जनावर नव्हतं, तिनं मुद्दाम राखून ठेवलं होतं. रिमा शाल गुंडाळून आली आणि बाकावर बसली.

"माझ्या आजीकडे असायचं म्हणे हे. मी कधी बघितलं नाही. पैज हरली कढई तर काय?"

"कढई आपण होऊन हरत नाही. तिला हरवावं लागतं."

"आणि जिंकली तर?"

"तुझ्या तोंडाला आवर घाल आणि कोळसा दे."

पाणी उकळलं. फेस आला, कानिपानं काढला. नऊ वाजता दाउलेतचा फोन आला, पोचलो म्हणून. रिमानं फळीवरून वाडगे उतरवून पुसून मांडले.

"तीन कशाला?" कानिपानं विचारलं.

रिमानं वाडग्यांकडे पाहिलं. "खरंच की. दोघीच तर आहोत." पण तिनं तिसरा उचलला नाही.

थोड्या वेळानं खोलीत आर्चाच्या धुराचा वास यायला लागला. आर्चा म्हणजे डोंगरातलं झुडूप, सरपटत वाढणारं, जाळलं की गोडसर कडू वास येतो. इथे दोनशे कोसांत ते नव्हतं. चुलीत कोळसा होता. कानिपानं वाकून पाहिलं. कोळसाच होता.

दहाला तिनं सुरी घेऊन मांसात खुपसली. सुरी आत गेली.

तिनं दुसऱ्या तुकड्यात खुपसली. तीही गेली.

"कसं शक्य आहे? सात वर्षांची मेंढी आहे!"

"आणखी पाऊण तास," रिमा डोकावून म्हणाली. "छान होत आलंय."

"तिकडे याला दुपार लागली असती!"

"तिकडे तुम्ही डोंगरावर होता ना, आपा." रिमाचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "उंचावर पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळायला लागतं. उकळी दिसते, पण आच कमी. इथे सखल भागात ते पुरतं तापतं. म्हणून इथे पटकन शिजतं. सातवीच्या पोरांना शिकवायचे मी."

कानिपा बाकावर टेकली. तीन महिने ती मेंढ्यांना नावं ठेवत होती. तीन महिने रोज दोन वेळा ही गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर शिजत होती, आणि आपल्याला कोण शिकवणार या तोऱ्यात तिनं कुणाला विचारलं नव्हतं. सासूनं पाहुण्यांसाठी कोकरू घातलं होतं. तिनं तोऱ्यासाठी काय घातलं, ते समोर रटरटत होतं.

"उतरवूया मग," रिमा म्हणाली.

"हात लावू नकोस!"

"पाणी घालू थोडं."

"एकदाच घालतात. घातलं."

साडेदहाला फोन वाजला. दाउलेतचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आपा, पाणमोट फुटली. बाळाच्या आधी नाळ बाहेर आली. दबलीय म्हणतात. ठोके लागत नाहीयेत. तिला पळवत आत नेलं, मला बाहेर ढकललं... आपा, मी काय करू?"

"उभा राहा," कानिपा म्हणाली. "पडू नकोस."

फोन बंद झाला.

कढईत छातीचं हाड मांसातून सुटून वर आलं होतं. नळ्यांचं मांस अजून धरून होतं, पण कडेकडेनं उलगडत होतं. कानिपाला ते दिसत होतं, जसं सतरा वर्षांच्या पोरीला नमद्यावरून दिसलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. हट्टानं कधी कुणापुढे वाकली नव्हती, गुडघ्यांनाही ते नवं होतं.

"शायझा," ती म्हणाली.

सासूचं ते नाव जिभेला माहीत नव्हतं. जड लागलं.

"शायझा. मी कानिपा." आणि मग जे मागायचं होतं ते एका शब्दात मावलं. "धर."

आधी आवाज थांबला.

रटरट एकदम बंद झाली, जशी दार लोटल्यावर बाहेरची गडबड बंद होते. मग वाफ गेली. चुलीत जाळ लालभडक होता, धडधडत होता, कढईचं बूड चाटत होता. आणि वर पाणी आरशासारखं स्थिर. त्यात छताची तुळई दिसत होती.

"आपा," रिमा कुजबुजली. "आपा, हे काय?"

कानिपा उठून कढईवर वाकली.

पाण्यावरची चरबी पांढरी पडली आणि थिजली. मग कढईच्या काठावरून दवासारखं काहीतरी खाली उतरू लागलं. ते गोठलेलं होतं. जाळावर चढवलेल्या कढईच्या पोटावर हिमाची नक्षी उमटत होती, खिडकीच्या काचेवर उमटते तशी, पानापानांची. चरबीच्या कडेनं बर्फाची बारीक किनार आली. त्या किनारीतून कानिपाला मांस दिसत होतं. करडं झालेलं मांस पुन्हा लाल होत होतं. सुटलेलं हाड हळूच खाली गेलं आणि आपल्या जागी बसलं.

भीती वाटायला हवी होती. कानिपाला आठवतं ते एवढंच, की आपण श्वास रोखून धरलाय, आणि छातीत काहीतरी उंच उंच होत चाललंय, मोठ्या डोंगरासमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर होतं तसं.

हिम सगळीकडे होतं. फक्त दोन्ही कानांवर नव्हतं.

तिथलं बीड काळंच होतं. तापलेलं. त्याभोवती हिमात एकेक जागा सुटली होती. अंगठ्याची एक. चार बोटांची एक.

आणि दोन्ही कानांमधून, अगदी बारीक, चर्र असा आवाज येत होता.

रिमानं कानिपाची बाही घट्ट धरली होती. दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे ती बघत राहिली, दुसरीकडे बघायची तिची हिंमत नव्हती म्हणून. तिनंच नंतर सांगितलं. अकरा मिनिटं.

फोन वाजला.

"आपा! मुलगी! रडतेय! ऐका, ऐका!"

फोनमधून ते रडणं खोलीत आलं, चिडकं, ओलं, ठणठणीत. त्याच क्षणी कढईला उकळी फुटली. काठोकाठ, धबाधबा, उतू जाऊन चुलीत सांडली आणि सगळी खोली वाफेनं भरून गेली. वाफ विरली तेव्हा हिम नव्हतं, वास नव्हता. विझत चाललेल्या जाळावर कच्च्या मांसाची कढई होती.

त्या दोघींनी ते मग नीट शिजवलं. दुपारी तीन वाडग्यांत वाढलं. तिसऱ्याला कुणी काही म्हटलं नाही. संध्याकाळी कानिपानं कढई घासून, कोरडी पुसून ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात वर सोडलं. तोलगानाय उशीला टेकून बसली होती, पांढरी फटक, आणि कुशीतल्या गाठोड्याकडे अशी बघत होती की सासू आल्याचंही तिला कळलं नाही. कानिपानं गाठोडं उलगडून बघितलं. हात, पाय, कान, बेंबी. सगळं होतं.

"दाईसारखं काय तपासताय आपा," तोलगानाय हसली. "आपलीच आहे."

"नाक तुझं आहे. बाकी बरी आहे," कानिपा म्हणाली, आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळली.

रौशन तिला बाहेरच्या बोळात भेटली. दोन रात्री झोपली नसावी.

"नाळ कुणी कापली?" कानिपानं विचारलं.

"मीच."

"चांगली कापलीत."

रौशननं चमकून पाहिलं. मग म्हणाली, "आपा, खरं सांगू? नाळ इतका वेळ दबली की मूल निळं येतं. आलं तर. अकरा वर्षं मी हेच करतेय. मी पोट उघडलं तेव्हा मनाची तयारी ठेवली होती. आणि ही गुलाबी. नाळेवर कशाचा भारच पडला नसावा, तशी." ती थांबली. "दुसरं एक विचारायचं होतं. ऑपरेशनच्या खोलीत बाहेरचं माणूस सोडत नाहीत. त्या आजी आत आल्या कशा?"

"कुठल्या आजी?"

"तुमच्याकडच्याच असणार. डोक्याभोवती पांढरं फडकं, हनुवटीखालपर्यंत गुंडाळलेलं. सुनेच्या उशाशी उभ्या होत्या. मला हाकलायला वेळ नव्हता. बाळ रडलं तेव्हा कुठे बघितलं, तर त्यांचे दोन्ही तळहात भाजलेले. लालभडक, सालं निघालेली. नर्सनं मलम लावून पट्टी बांधली. कशानं भाजलं विचारलं, तर काही बोलल्या नाहीत. नोंद करायला नाव विचारलं."

"मग?"

"म्हणाल्या, माझ्या सुनेला विचारा. आज पहिल्यांदा घेतलंय तिनं." रौशननं कपाळ चोळलं. "नर्स कागद आणायला वळली तेवढ्यात त्या गेल्या. तुम्हाला माहीत आहेत का कोण त्या?"

कानिपा बोळातल्या बाकावर बसलेल्या बायकांकडे, त्यांच्या मोठ्या पोटांकडे बघत राहिली.

"घरच्याच," ती म्हणाली.

शुक्रवारी मायलेकी घरी आल्या. दाउलेतनं मेंढी कापली होती, बाळंतिणीच्या रश्श्यासाठी. रिमा झोळी बघायला धावली. सगळे आतल्या गरम खोलीत पोरीभोवती गोळा झाले. कानिपा एकटीच अंगण ओलांडून गेली. सोमवारपासून तिथे कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. उंबऱ्यावरचं हिम नव्यासारखं होतं. तिनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं.

कढई ठेवली तशीच चुलीवर होती, स्वच्छ, काळी, थंड.

तिच्या दोन्ही कानांवर दवाखान्याची पांढरी पट्टी बांधलेली होती. गाठ नीट मारलेली. मलमानं एका जागी अजून ओलसर होती.